हळद सरांची, रुपया मामांचा

हातचलाखीचा नाद मला दोन माणसांनी लावला. एकानं सगळं सांगितलं, दुसऱ्यानं काहीच सांगितलं नाही. पहिले साताऱ्यात आम्हाला शास्त्र शिकवणारे सर आणि दुसरे सांगलीचे मामा. दोघांचं देणं माझ्यावर आहे, पण ते एका खात्यात मांडता येत नाही.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर सांगलीच्या विलिंग्डनमध्ये आणि पुढं मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकले, कबड्डीत नाव काढलं आणि १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. त्यानंतर कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांचे प्रयोग करत फिरू लागले. आमचे सर त्यांतलेच. शाळा सुटली की पिशवी घेऊन निघायचे आणि ती पिशवी धरायला मी.

देवळापुढच्या पारावर सर मूठभर हळद घ्यायचे, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायचे आणि हळदीचं कुंकू व्हायचं. नारळावर पाणी शिंपडलं की शेंडी भडकायची. जिभेवर पेटता कापूर ठेवायचे. एकदा एक म्हातारी पुढं येऊन पायाच पडायला वाकली. सर झटकन मागं सरले, "आजी, थांबा. आधी ऐका, मग ठरवा." मग पानवाल्याकडून आणलेला चुना बाहेर निघायचा. ओलसर तळव्याला तो आधीच चोळलेला असतो आणि चुना लागला की हळद लाल होते. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा दडवलेला. जीभ ओली ठेवायची आणि चटका बसायच्या आत तोंड मिटायचं, की हवेअभावी कापूर विझतो. प्रयोग केला की उलगडा करायचाच, हा सरांचा कडक नियम. उलगड्याविना घरी गेलो तर आपणच बाबा झालो, म्हणायचे.

हळदीचा प्रयोग त्यांनी पुढं माझ्या हाती दिला. चार माणसांपुढं उभं राहायचं, आवाज कापू द्यायचा नाही, लोक हसले तर आपणही हसायचं, हे मी त्या पारांवर शिकलो. ते कुठल्या पुस्तकात मिळालं असतं असं मला वाटत नाही.

मामांची तऱ्हा निराळी. सांगलीत हळदीच्या अडतीवर ते दिवाणजी. कपडे पिवळे, नखं पिवळी. संध्याकाळी कृष्णाकाठी घाटावर बसले की बंडीच्या खिशातून राणीछाप रुपया काढायचे. चांदीचा, बरोबर एक तोळ्याचा, कडेला बारीक खाचा असलेला. या हातातून त्या हातात दिला, मूठ उघडली, की रुपया नाही. कधी माझ्या कानामागं, कधी शेजारी बसलेल्याच्या टोपीत. कसं केलंत म्हणून विचारलं की, "बघ की. बघायला पैसे पडत्यात व्हय?"

सुट्टी संपताना त्यांनी तो रुपया माझ्या तळहातावर ठेवला, अंगठ्याच्या फुगीर भागात आणि समोरच्या मांसल कडेत दाबला आणि हात उलटा केला. "पडू द्यायचा न्हाई. ह्याच हातानं भाकरी मोड, दार उघड, सायकल चालव." तेवढंच शिक्षण. सुरुवातीला रुपया पडायचा, त्याचा खणखणाट ऐकून आई वैतागायची. मग हळूहळू हाताला तो जाणवेनासा झाला. पुढच्या उन्हाळ्यात मामांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "हाताकडं बघू नगंस. तू बघशील तिकडं लोक बघत्यात."

यात्रेत मिळणारे जादूचे पत्ते, फुंकर मारली की कोरं होणारं चित्रांचं पुस्तक, असल्या वस्तूंना ते 'विकतचा नवस' म्हणत. मानत फक्त पुण्याच्या जादूगार रघुवीरांना. रघुवीरांचं 'प्रवासी जादूगार' त्यांच्या देव्हाऱ्याच्या फळीवर असायचं, पोथीशेजारी.

कित्येक वर्षं मला वाटे, सर उदार आणि मामा कंजूष. आता तसं वाटत नाही. हळदीच्या प्रयोगात गुपित हाच सगळा माल, एकदा चुना दाखवला की कोणीही करावं. रुपयाचं गुपित एका ओळीचं आहे. रुपया दुसऱ्या हातात गेलेलाच नसतो. ही ओळ मामांनी पहिल्याच दिवशी सांगितली असती तर मी 'हात्तिच्या' म्हणून रुपया परत केला असता.

२०१३ च्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या एकानं मला काळजीनं विचारलं, "आता तुमचं ते बंद का?" चमत्काराच्या नावावर लोकांना फसवणं हा त्या कायद्यानं गुन्हा. ही फसवणूक आहे असं आधीच सांगून फसवणाऱ्यावर खटला कसा चालवणार? दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला होता. त्यांच्या हयातीत हा कायदा झाला नाही, हे मात्र त्या माणसाला हसत सांगता येईना.

मामांनी तो रुपया कधी परत मागितला नाही, एकदा सोडून. माझ्या बहिणीच्या लग्नात सर आणि मामा एकाच पंगतीला बसले. मामांनी माझ्याकडून रुपया घेतला आणि सरांच्या डोळ्यांदेखत नाहीसा केला. इतक्या बाबांचं पितळ उघडं पाडलेले सर हातातला घास विसरले. त्यांनी मामांचं मनगट धरलं, बाही चाचपली, पत्रावळीकडं पाहिलं.

"सांगा की राव. विज्ञान लपवू नये."

"ह्यात कुठलं आलंय विज्ञान? सवय हाय." मामा वाढप्याला म्हणाले, "अहो, सरांना जिलबी वाढा."

वाढप्यानं जिलबी वाढली आणि सरांचा भाताचा द्रोण जरा बाजूला सरकवला. द्रोणाखाली रुपया. सर पोट धरून हसले आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागले. मठ्ठा येईपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं.