यंत्राचें लक्ष

"लक्ष कोठें आहे?" हा प्रश्न वर्गांत दिवसांतून किती वेळां विचारला जातो, याची गणती तुम्हींच करावी. मनुष्याचें लक्ष एका वेळीं एकाच ठायीं राहूं शकतें, हें आपण सर्व जाणतों. संगणकाच्या पडद्यालाहि असेंच एक लक्ष असतें; परंतु त्याची चौकशी क्वचितच कोणी करतो. त्यास फोकस असें म्हणतात. पडद्यावर रकाने, बटणें व दुवे कितीहि असोत, एका क्षणीं फोकस त्यांपैकीं एकावरच असतो. आपण टंकलेलें अक्षर तेथेंच उमटतें. टॅब कळ दाबली कीं तो पुढच्या स्थानीं जातो. शिफ्ट कळीसह दाबली कीं मागें येतो.

डोळसास ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. हवें तेथें बोट लावलें कीं त्याचें काम झालें! परंतु अंध मनुष्य पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या स्क्रीन रीडर नांवाच्या प्रोग्रॅमच्या साह्यानें काम करतो. एनव्हीडीए हा असा एक प्रोग्रॅम २००६ सालीं ऑस्ट्रेलियांत सुरू झाला, व तो विनामूल्य मिळतो. अशा वाचकास सबंध पान एकदम दिसत नाहीं. पुस्तकाच्या ओळीवर ठेवलेलें बोट आपणांस जसें उपयोगी पडतें, तसा त्याला फोकस.

साध्या वेबपानांत एका पानावरून दुसऱ्यावर जातांना ब्राउझर जुनें पान टाकून नवें आणतो. वाचन आपोआप नव्या पानाच्या आरंभापासून सुरू होतें आणि स्क्रीन रीडर त्याचें शीर्षक सांगतो. पुढें एकपानी ॲप्सचा प्रघात पडला. २००४ सालीं सुरू झालेलें जीमेल हें या पद्धतीचें आरंभींचें एक प्रसिद्ध उदाहरण होय. येथें पान एकदांच येतें. मग जावास्क्रिप्टमध्यें लिहिलेल्या आज्ञा त्यांतील एक भाग काढून त्या जागीं दुसरा बसवितात. यांत वेळ वांचतो खरा. परंतु ज्या बटणावर फोकस होता तें बटणच काढून टाकलें, तर फोकस निराधार होऊन बहुधा पानाच्या मुळाशीं जाऊन पडतो. वाचकाचें बोट ओळीवर असतांना कोणी हळूच पुस्तक बदलावें, तसें हें होतें. आणि तें बदलल्याचें त्याला कोणी सांगतहि नाहीं.

माझी एक माजी विद्यार्थिनी जन्मांध आहे. बारावीनंतर एका महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज भरण्यासाठीं ती मुदतीच्या शेवटच्या दिवशीं शाळेंत आली. अर्ज तिनें स्वतःच भरला व "सादर करा" हें बटण दाबलें. कांहींच ऐकूं आलें नाहीं. तिनें तें पुन्हां दाबलें, तिसऱ्यांदा दाबलें. मी शेजारीं बसलों होतों. पानाच्या वरच्या टोकास तांबड्या अक्षरांत, जन्मतारखेचा रकाना अपुरा आहे, अशी सूचना आली होती. मला ती तत्काळ दिसली. तिच्यापुरती ती नव्हतीच. ती म्हणाली, "सर, मीं बटण दाबलें कीं नाहीं, हेंच मला कळत नाहीं." मीं रकान्याचें नांव सांगितलें, तिनें तो पुरा केला, व अर्ज वेळेंत गेला. परंतु शेजारीं डोळस मनुष्य बसलेला असावा, अशी अट त्या अर्जांत कोठेंहि लिहिलेली नव्हती. त्या दिवशीं ती घरीं एकटी असती, तर तिचें एक वर्ष फुकट गेलें असतें.

याचा उपाय अवघड नाहीं. फोकस नेण्याची जावास्क्रिप्टमधील आज्ञा एका शब्दाची असून तिचें नांवहि फोकस असेंच आहे. दृश्य बदललें तर तो नव्या भागाच्या शीर्षकावर न्यावा. शीर्षक स्वभावतः फोकस घेत नाहीं. म्हणून त्याच्या टॅबइंडेक्स या गुणधर्माची किंमत वजा एक ठेवावी. मग आज्ञेनें फोकस तेथें जातो, परंतु टॅब कळीच्या वाटेंत तें शीर्षक येत नाहीं. अर्जांत चूक निघाली तर पहिल्या चुकलेल्या रकान्यावर फोकस ठेवावा. पानावर प्रश्नाची चौकट उघडली तर फोकस तिच्या आंत न्यावा व ती मिटेपर्यंत मागील पानावर भटकूं देऊं नये. एस्केप कळीनें चौकट मिटावी, आणि मिटतांच फोकस तिला उघडणाऱ्या बटणावर परत पोंचवावा. यादींतील ओळ पुसली तर तो शेजारच्या ओळीवर ठेवावा. फोकसभोंवतीं दिसणारी कड शोभेसाठीं कधींहि पुसूं नये. वेबचे मानदंड ठरविणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेनें २००८ सालच्या नियमावलींत, फोकसचा क्रम सुसंगत असावा व तो डोळ्यांस दिसावा, असें सांगितलें. २०२३ सालच्या आवृत्तींत, इतर मजकुरानें तो पूर्ण झांकला जाऊं नये, हा नियम जोडला गेला.

मोबाईलवर निराळीच अडचण येते. रकान्यांत फोकस गेला कीं कळफलक वर येऊन पडद्याचा मोठा भाग व्यापतो. म्हणून पान उघडतांच, कोणी न मागतां, फोकस एखाद्या रकान्यांत घालणें हा उपद्रव ठरतो. वाचावयास आलेल्यास मजकूरच दिसेनासा होतो. आयफोनवरील सफारी ब्राउझर तर मनुष्यानें स्वतः स्पर्श केल्यावांचून सामान्यतः कळफलक वर आणीतच नाहीं. शिवाय अँड्रॉइडवरील टॉकबॅक व आयफोनवरील व्हॉइसओव्हर या वाचकांची खूण फोकसहून वेगळी असते. खूण एकीकडे आणि फोकस दुसरीकडे, असेंहि घडतें. यास्तव अशा ॲपची परीक्षा प्रत्यक्ष मोबाईल हातीं घेऊनच करावी लागते. वाट हरविलेल्यास वाट दाखवावी. आपल्या वाटेनें चाललेल्यास ओढूं नये.

गेल्या वर्षीं आमच्या संगणकाच्या वर्गानें शाळेच्या ग्रंथालयाच्या यादीचें एक लहानसें ॲप तयार केलें. रंग सुरेख होते, चित्रें सुबक होतीं. मीं मुलांस माऊस बाजूस ठेवावयास सांगितलें. थोड्याच वेळांत एकजण शोधाच्या चौकटींत अडकला. टॅब दाबावी तों फोकस तेथल्या तेथेंच फिरे आणि चौकट कांहीं केल्या मिटेना. नंतर मुलांनीं डोळे मिटून, केवळ स्क्रीन रीडर ऐकून, एक पुस्तक शोधून पाहिलें. कोणासहि तें सांपडलें नाहीं. दोन दिवस खपून त्यांनीं सर्व दोष काढले, आणि त्या दोन दिवसांत तीं जें शिकलीं तें मला फळ्यावर शिकवितां आलें नसतें.

पालकांसहि माझी एक विनंति आहे. आपल्या मुलानें एखादें ॲप वा वेबपान केल्याचें सांगितलें, तर त्याचें कौतुक अवश्य करावें. परंतु तें एकदां माऊसवांचून चालवूनहि पाहावें. आणि कोठें अडकलां, तर मनांत न ठेवतां त्यास स्पष्ट सांगावें.