आजीची गुंडी

जून 2019 मधली गोष्ट. कोरमंगलातल्या एका भाड्याच्या घरात रोज सकाळी तोच प्रकार चालायचा. आठ वर्षांची मुलगी एक बूट घालायची, दुसरा हातात घेऊन बसून राहायची आणि म्हणायची, "मला सांगलीला आजीकडे जायचंय."

वडिलांना बेंगळुरूत नोकरी मिळाली म्हणून मे महिन्यात बिऱ्हाड इकडे आले होते. दुसरीपर्यंत ती मराठी शाळेत शिकलेली. इथे शिकवणे इंग्रजीत आणि मधल्या सुट्टीतला गोंगाट कन्नडमध्ये, नाहीतर हिंदीत. शिवाय कन्नड हा विषयही होता. कर्नाटकाने 2015 मध्ये कायदा करून 2017 पासून, पहिलीपासून एकेक इयत्ता चढत, तो सर्व शाळांना सक्तीचा केला. (महाराष्ट्रानेही 2020 मध्ये मराठीसाठी असाच कायदा केला, तेव्हा तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची!)

वडिलांनी सचिन तेंडुलकरचे उदाहरण दिले. क्रिकेटसाठी वांद्र्याची शाळा सोडून तो दादरच्या शारदाश्रमात गेला, तिथे विनोद कांबळीशी त्याची जोडी जमली आणि 1988 मध्ये दोघांनी शालेय सामन्यात नाबाद 664 धावांची भागी केली. मुलीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पण ते दोघं मराठीच बोलायचे ना?"

वडील गप्प बसले.

आजीचा रोज फोन यायचा. "पोरीला कशाला रडवता? पाठवून द्या इकडे. जुन्या शाळेत अजून नाव घालता येईल." आई वरवर नको म्हणायची, पण एका रात्री तिने मुलीचे चार फ्रॉक वेगळे काढून ठेवले. लेक आजीकडे आणि आपण इथे, हा विचार तिला झोपू देत नव्हता. कामवालीशीही खुणांनी बोलावे लागत होते. एकटी काही लेकच पडली नव्हती.

वर्गात शेजारच्या बाकावरची मुलगी डबा खाऊन झाला की रोज विचारायची, "ऊट आय्ता?" ही घरी येऊन सांगायची, "ती मला सारखी उंटाबद्दल विचारते!" जेवण झाले का, एवढेच ती विचारत होती, हे आईला भाजीवाल्याकडून कळले तेव्हा त्या घरात बऱ्याच दिवसांनी हसू फुटले.

दुसऱ्या आठवड्यात गणवेशाचे बटण तुटून बाकाखाली गेले. ही रडवेली होऊन शोधू लागली आणि तोंडून निघाले, "माझी गुंडी! माझी गुंडी!" आई बटण म्हणते, गुंडी हा आजीचा शब्द. शेजारीण चटकन वाकली. "गुंडि?" असे म्हणत तिने बटण शोधून हिच्या हातावर ठेवले. कन्नडमध्येही गुंडीच! दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी डब्यातल्या पोळीवर बोट ठेवून ही म्हणाली, "तूप." ती म्हणाली, "तुप्प." मग अक्का निघाली, अण्णा निघाला. वहीच्या शेवटच्या पानावर यादी सुरू झाली. कन्नडच्या तासाला 'ळ' आला तेव्हा हिंदी घरातली मुले 'ल'वरच अडली. हिचा 'ळ' मात्र पहिल्या झटक्यात खणखणीत आला. शेजारणीने सगळ्या वर्गाकडे असे पाहिले, जणू तो तिनेच शिकवला होता.

त्या रात्री आजीने नेहमीप्रमाणे विचारले, "मग कधी येतेस?"

"दिवाळीला. आजी, तुझे ते जुने शब्द सांग ना. उद्या शाळेत हवेत."

आजीचे माहेर जत तालुक्यातले, कर्नाटकाच्या सीमेलगतचे. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. फोनमधून सुपारी कातरल्याचा आवाज येत होता.

"लिहून घे," ती म्हणाली. "अडकित्ता."