वोईमार्गे मोंबासा

केनियाला निघालो तेव्हा घरच्या मंडळींनी उन्हाची फार भीती घातली. शेजारच्या आजोबांनी तर खिशात कांदा ठेवण्याचा सल्ला दिला. विषुववृत्त त्या देशाच्या अंगावरूनच जाते, तेव्हा त्यांचे अगदीच चुकत होते असे नाही. पण उन्हालाही उंचीचा धाक असतो, हे नैरोबीत उतरल्यावर कळते. हे शहर सुमारे 1,700 मीटर उंचीवर वसले आहे. म्हणजे धापा टाकत कळसूबाईच्या माथ्यावर पोचलेला आपला गडी नैरोबीत मंडईतून भाजी घेऊन निघालेल्या बाईपेक्षा खालीच राहिला म्हणायचा! जानेवारीच्या पहाटे विमानतळाबाहेर आलो, तर मामीने पिशवीतून शाल काढून आधीच पांघरली होती.

मामी बरोबर होती, म्हणूनच खरे तर हा प्रवास घडला. ती आता ऐंशीला टेकली आहे. जन्म केनियातला, वडील तिकडच्या रेल्वेत कारकून. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हापासून ती 'आफ्रिकेची मामी', आणि तिने लोणचे घातले तरी ते आम्हा मुलांच्या लेखी आफ्रिकेचे लोणचे. एकोणीस वर्षांची असताना सोडलेला तो देश तिने पुन्हा पाहिला नव्हता.

मसाई भाषेत नैरोबी म्हणजे थंड पाण्याची जागा. 1899 मध्ये रेल्वेने त्या दलदलीत आपला तळ ठोकला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. आज तिथे काचेचे मनोरे आहेत, आणि अंगभर चित्रे रंगवलेल्या, आतून ढोल बडवल्यासारखी गाणी वाजवणाऱ्या 'मटाटू' नावाच्या प्रवासी गाड्या आहेत. उहुरु पार्क ही मोकळी हिरवळ मात्र शाबूत आहे. 1989 मध्ये तिथे साठ मजली इमारत उठायची होती. वांगारी माथाई नावाच्या बाईंनी सरकारशी भांडून ती अडवली. त्यांनाच पुढे 2004 मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. मामी त्या हिरवळीवर बसून शेंगदाणे खात म्हणाली, "एका बाईने हट्ट धरला, म्हणून आपल्याला टेकायला जागा मिळाली बघ."

मला मजा वाटली ती पाट्यांची. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', लाखाला 'लाकी', चपातीला 'चपाती' आणि चहाला 'चाय'. जेवणात कांदा-टोमॅटोची कोशिंबीर आली, तिचे नाव 'कचुंबारी'! 1920 पर्यंत तिथे चलनही आपला रुपयाच होते. पहिले दोन दिवस मामी नुसत्या पाट्या वाचत होती. तिसऱ्या दिवशी हॉटेलातल्या मुलाने चहात साखर जास्त घातली आणि ती त्याच्यावर अस्खलित स्वाहिलीत रागावली. तो मुलगा खुदकन हसला. मामी स्वतःच इतकी चकित झाली, की तो गोड चहा मुकाट्याने पिऊन गेली.

नैरोबीहून मोंबासाला आता 'मदारका एक्सप्रेस' जाते. मदारका म्हणजे स्वराज्य. चिनी कंपनीने बांधलेली ही नवी रुंद लोहवाट 2017 मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी जुन्या मीटर गेज मार्गावरच्या मोंबासाच्या प्रवासी गाड्या थांबल्या. गाडी झकास आहे, थंडगार, वक्तशीर. मामीला मात्र ती पसंत पडली नाही. "खिडकी उघडत नाही, मग गाडीत बसल्याचं कळायचं कसं?"

ती जुनी वाट आपल्याच देशातल्या माणसांनी घातली. 1896 ते 1901 या काळात सुमारे 32,000 मजूर, बहुतेक पंजाबातले, बोटीने नेण्यात आले. त्यांतले अडीच हजारांच्या घरात मेले. मैलामागे चार, असा हिशेब सांगतात. हिवताप, आमांश आणि अपघात यांनी ते मेले, पण जगाच्या लक्षात राहिले ते त्सावो नदीच्या पुलावरचे दोन नरभक्षक सिंह. पॅटरसनसाहेबांनी 1898 च्या डिसेंबरात ते मारले, त्यांवर पुस्तक लिहिले, आणि त्यांची कातडी पुढे शिकागोच्या संग्रहालयाला विकली. तिथे पेंढा भरलेले ते सिंह आजही उभे आहेत. बळींचा आकडा साहेबांनी एकदा 135 सांगितला होता. सिंहांच्या केसांची नि हाडांची तपासणी करून शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये तो 35 च्या आसपास आणला. मी हे सारे मामीला हौसेने सांगत होतो. ती म्हणाली, "सिंहांचं पुस्तक झालं, म्युझियम झालं. त्या मजुरांची नावं कुणी लिहून ठेवली असतील का रे?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

बाहेर त्सावोचे रान सुरू झाले होते. हिरव्या गवताच्या चित्रातली आफ्रिका ही नव्हे. काटेरी झुडपे, मधूनच बुंध्याला सूज आल्यासारखी गोरखचिंचेची झाडे आणि लाल, कोकणात शोभावी अशी माती. त्या मातीत लोळून हत्तीही लाल झालेले. पावसाळ्यापूर्वी घाटाखाली एस.टी.तून उतरलेला माणूस जसा दिसतो, तसेच अगदी! लोहमार्ग उंच भरावावर आहे आणि जनावरांना जायला खालून बोगदे ठेवले आहेत. एक कळप पिलाला मध्ये घालून शिस्तीत त्यातून गेला. डब्यातली सारी पोरे काचेला नाक लावून उभी राहिली, मीही.

वोईला आम्ही उतरलो. ऊन आता खरे भेटले. हवा भट्टीच्या तोंडाशी असावी तशी. मामीचे सारे बालपण इथले. डिसेंबर 1963 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि तिच्या वडिलांसारख्या लोकांना नागरिकत्वाच्या अर्जासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. वडिलांनी अर्ज आणला, भरला, आणि टेबलाच्या खणात ठेवला. रोज रात्री तो काढून वाचायचे नि परत ठेवायचे. आई म्हणायची, द्या एकदाचा. ते म्हणायचे, उद्या. 1965 मध्ये 'करंजा' बोटीने सारे मुंबईला आले, तेव्हा तो अर्ज ट्रंकेच्या तळाशी कपड्यांखाली होता. आई त्यावरून कधी भांडली नाही. फक्त पुण्याच्या दोन खोल्यांत, मे महिन्यातदेखील, "वोईला याहून बरं होतं," एवढे म्हणायची.

जुन्या स्थानकामागे रेल्वेच्या खोल्यांची रांग होती. मामी एक, दोन, तीन मोजत चालली आणि पाचव्या दारापाशी थांबली. अंगणात भला थोरला कडुनिंब. दारात एक बाई तांदूळ निवडत होती. मामीने नमस्कार-चमत्कार केले. त्या भाषेत ते बरेच लांबतात : तुझे कसे, घरच्यांचे कसे, कामाचे कसे. बाईने आम्ही कोण, कशाला आलो, काही विचारले नाही. उन्हातून म्हातारी आली आहे एवढे तिला पुरेसे होते. स्टूल दिले, चहा टाकला.

मामी झाडाकडे पाहत होती. बाई आपण होऊनच सांगू लागली, "हा म्वारोबाइनी." म्हणजे चाळिसांचा, चाळीस रोगांवर चालतो म्हणून. हे झाड त्या किनाऱ्यावर आपल्या लोकांनीच नेले. "पोरांना ताप आला की याचाच पाला उकळते. साऱ्या आळीला पुरतो." कुणी लावला, असे मी मामीकरवी विचारायला सांगितले. मामीने विचारले नाही. मला मराठीत म्हणाली, "बाबांनी लावला. मी पाणी घालायची. पण तिला कशाला सांगायचं? झाड आता तिचं आहे."

निघताना बाईने मामीला विचारले, परत कधी येणार? मामीने तोंड उघडले आणि शब्द अडला. स्वाहिली विसरली होती की काय, कोण जाणे. शेवटी तिने बाईचा हात दोन्ही हातांत धरला आणि पिशवीतली पुण्याची भाकरवडी तिच्या पोरांसाठी दिली.

मोंबासाला पोचलो तो घामाने निथळत. तिथली हवा थेट आपल्या मुंबईची. दमट, खारट, नारळांतून येणारी. जुन्या गावात लाकडी कोरीव दारे, अरुंद बोळ, लवंग-वेलदोड्यांचा वास. फोर्ट जीझसचा किल्ला पाहताना वसईची आठवण यावी यात नवल नाही; धनी एकच, पोर्तुगीज. 1593 मध्ये काम सुरू केलेल्या कैराती नावाच्या इटालियन स्थपतीचे ठाणे गोव्यात होते आणि 1596 मध्ये तो तिथेच वारला. पुढे शंभर वर्षांनी ओमानच्या अरबांनी या किल्ल्याला पावणेतीन वर्षे वेढा घातला. गोव्याहून मदतीचे आरमार पोचले ते 1698 च्या डिसेंबरात, किल्ला पडल्यावर! सरकारी मदतीची ही रीत जुनीच दिसते.

तटाखाली एक पोरगा 'मबुयु' विकत होता. गोरखचिंचेच्या बिया लाल साखरेत घोळवलेल्या असतात. आंबट-गोड, जीभ रंगवणाऱ्या. मामीने पोराशी किमतीवरून पाच मिनिटे घासाघीस केली, हरली, आणि दोन पुड्या घेतल्या. मग आम्ही दोघे तटाच्या सावलीत बसलो. ईशान्येचा 'कास्काझी' वारा वाहत होता. याच वाऱ्यावर कच्छ-काठेवाडची गलबते पूर्वी इकडे येत. मामीची बोटे लालभडक झाली होती. ती पदराला पुसून तिने दुसरी पुडी फोडली आणि मला विचारले, "इथून चिपळूणला पत्र टाकलं, तर किती दिवसांत पोचेल रे?"