परड्याकडचा कॅमेरा

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं. घरच्या राउटरचा पासवर्ड अजून ‘अ‍ॅडमिन’च होता. आधी तो बदलला.

आमचं घर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. आमच्या परड्यात पाणी कधी शिरेल, ते मात्र परड्यात बघूनच कळतं. आबा एकटे असतात, मी पुण्यात. म्हणून परड्याकडे कॅमेरा लावला. आता पोर्ट फॉरवर्डिंग करायचं: बाहेरून ८०८० वर जे येईल ते राउटरने कॅमेऱ्याकडे पाठवायचं.

“म्हणजे दार उघडं ठेवायचं? मग दुसरं कोण आत शिरलं तर?” आबांनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता. २०१६ मध्ये ‘मिराई’ने कंपनीचेच पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

तरी पोर्ट उघडलं. मोबाइल डेटावरून बघितलं, तर काहीच दिसेना. तासाभराने राउटरचा बाहेरचा पत्ता तपासला: १००.६४ ने सुरू होणारा. म्हणजे सीजीनॅट. आयपीव्ही४ चे पत्ते पुरत नाहीत, म्हणून अनेक घरांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता. आमचं दार उघडं, पण बोळाच्या तोंडाला कुलूप, आणि किल्ली माझ्याकडे नाही.

नियम पुसला. आता घरातूनच भाड्याच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्डचा बोगदा काढू म्हटलं.

“अरे, पाणी चढलं की आधी लाइट बंद करतात,” आबा म्हणाले. “मग तुझा कॅमेरा काय दाखवणार? मी फोन करीन की.”

निघताना त्यांच्या उशाशी पॉवर बँक ठेवली. पूर्ण चार्ज करून.