दारावरून गेलेली माणसे

मराठीत दोन घरांचा संबंध सांगायचा असला की आपण ‘त्यांचे-आमचे येणेजाणे आहे’ एवढेच म्हणतो. स्नेह, आप्तभाव, ऋणानुबंध हे शब्द मागाहून येतात. आधी येतात ती पावले. संबंधात काही बिघाड झाला तर त्याची तक्रारही आपण पावलांच्याच भाषेत करतो. ‘दारावरून गेला, पण आत आला नाही,’ या वाक्यात केवढे दुखावलेपण साठलेले असते! जो आलाच नाही त्याच्याबद्दल आपण आपली समजूत घालतो; तो दूर आहे, कामात आहे. परंतु जो दारापर्यंत आला, ज्याने खिडकीतला उजेड पाहिला आणि तरीही जो पुढे निघून गेला, तो मनाला लागून राहतो.

फेसबुकवर ज्याचे म्हणून एक पान आहे, त्याच्या मनात आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतोच: माझ्या पानावर कोण येऊन जाते? ज्यांना आवडले त्यांनी अंगठा उमटवला, ज्यांना बोलायचे होते ते बोलले. त्यांची नावे दिसतातच. कुतूहल असते ते काही न बोलता पाहून गेलेल्यांचे. दारावरून गेलेल्या माणसाविषयीची जुनी हुरहुरच इथे नव्या वेषात आलेली आहे, असे मला वाटते.

पूर्वी या हुरहुरीची सोय रीतिरिवाजांनीच लावून दिली होती. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याच्या ठिकाणी बदलून आलेला साहेब प्रथम कार्डे टाकत फिरे. वरिष्ठांच्या फाटकावर एक पेटी टांगलेली असे आणि मडमसाहेब घरात असल्या तरी त्या पेटीवर ‘घरी नाहीत’ असेच लिहिलेले असे. नवागताने कार्ड टाकावे आणि परतावे. प्रत्यक्ष भेट न होताही भेट नोंदली जाई. गव्हर्नराच्या बंगल्यावर तर त्यासाठी वहीच ठेवलेली असे. तीत नाव लिहिले की मुजरा पोचला. आपल्याकडे ही विद्या त्याहूनही जुनी. त्र्यंबकेश्वरला किंवा काशीला तीर्थोपाध्यायांकडे जाऊन गाव आणि कूळ सांगितले की त्यांच्या बाडातून एखाद्या पणजोबांचे नाव निघते. आपल्या घरातले कोणी तरी पूर्वी इथे येऊन गेले आहे, हे त्या एका ओळीने कळते आणि परका मुलूख क्षणभर आपला होतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. नाव पाहुणा स्वतः सांगत असे. ‘मी आलो होतो’ हे कळावे, अशी त्याचीच इच्छा असे.

संगणकाच्या युगात ही वही निरनिराळ्या तऱ्हांनी मांडली गेली. २००४ मध्ये सुरू झालेले ऑर्कुट आपल्या देशात काही वर्षे फार लोकप्रिय होते. अलीकडे कोण डोकावून गेले त्यांची नावे ते दाखवी. मात्र ज्याला स्वतःची पावले लपवायची असत त्याला इतरांचीही दिसत नसत. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. नोकरीपेशाच्या लोकांचे जे लिंक्डइन, तिथे हाच न्याय अजून चालतो. फुकट सभासदाने लपून पाहायचे ठरवले तर आपल्याकडे कोण आले ते त्याला कळत नाही, आणि पैसे भरणाराला अधिक सविस्तर यादी मिळते. मनुष्याच्या हुरहुरीला किती मोल येऊ शकते, हे व्यापाऱ्याने बरोबर ओळखले आहे.

फेसबुकने मात्र ही वही सभासदापुढे उघडलेली नाही. आपले पान कोणी पाहिले हे कळण्याची सोय नाही, आणि बाहेरचे कोणतेही ॲप ती देऊ शकत नाही, असे ती कंपनी स्पष्ट सांगते. तरीही तशी ग्वाही देणारी ॲपे निघतात आणि त्यांना गिऱ्हाईक मिळते. आमच्या कचेरीतल्या एका तरुण सहकाऱ्याने असे एक ॲप घेतले होते. त्याने आधी पासवर्ड मागितला आणि मग दहा नावांची यादी दिली. ती पाहून स्वारी दोन दिवस मोठ्या खुशीत होती. तिसऱ्या दिवशी त्याच्या नावाने साऱ्या मित्रांना स्वस्त चष्म्यांच्या जाहिराती जाऊ लागल्या. ती दहा नावे त्याच्याच मित्रयादीतून उचललेली होती. मला त्या फसवणुकीपेक्षा त्या दोन दिवसांच्या आनंदाचे अधिक नवल वाटले. जी नावे त्या यादीत असावीत असे त्याला वाटत होते, नेमकी त्यांतलीच काही त्याला दिसली होती.

खरे पाहता वही नाहीच असे नव्हे. कोणी काय पाहिले, किती वेळ पाहिले, याची नोंद कंपनीकडे होत असते. तिचा जाहिरातींचा व्यवहार त्या नोंदींवरच चालतो. घरधन्याला पाहुणा माहीत नाही, पाहुण्याला वाटते आपल्याला कोणी पाहिले नाही, आणि फाटकावरचा पहारेकरी मात्र दोघांचाही हिशेब ठेवून आहे!

ती वही आपल्या हाती यावी असे मलाही पूर्वी वाटे. आता वाटत नाही. त्याचे कारण थोडे घरचे आहे.

व्हॉट्सॲपवर २०१७ पासून स्टेटस नावाची सोय आहे. तिथे लावलेले छायाचित्र चोवीस तास टिकते आणि ते कोणी पाहिले त्यांची यादी आपोआप मिळते. मी नोकरीनिमित्त ओडिशात आहे. घराच्या वाटणीनंतर माझे थोरले बंधू माझ्याशी बोलेनासे झाले. फोन नाही, पत्र नाही. कार्याचे आमंत्रण येते तेही वहिनींच्या तोंडून. परंतु मी पुरीच्या रथयात्रेची गर्दी किंवा अंगणातल्या फणसाला लागलेली फळे लावली की संध्याकाळच्या आत त्या यादीत ‘दादा’ ही दोन अक्षरे उमटत. शेताचा बांध, नातीचे बारसे, असे काही तेही लावीत आणि मी ते पाहत असे. तीन वर्षे आमच्यात एवढेच येणेजाणे उरले होते.

गेल्या पावसाळ्यात दादांचे नाव त्या यादीतून नाहीसे झाले. त्यांची छायाचित्रे मला अजून दिसतात. म्हणजे माझा क्रमांक त्यांनी पुसलेला नाही. मग उरतात दोनच शक्यता. एक तर त्यांनी पाहणे सोडले असेल, नाही तर वाचल्याच्या निळ्या खुणा बंद केल्या असतील. त्या बंद केल्या की पाहणाऱ्याचे नाव यादीत येत नाही. या दोहोंतली कोणती खरी, हे माझ्या बाजूने कळण्यास मार्ग नाही.

पहिले काही दिवस मला फार वाईट वाटले. मग मी दादांच्या बाजूने विचार करू लागलो. भांडलेल्या वडील माणसाला धाकट्याच्या दारावरून जावेसे वाटले, तर प्रत्येक वेळी तिथे आपले नाव लिहिले जाते हे त्याला कसे मानवेल? नोंद झाली की त्या पाहण्याला माघारीचा अर्थ येतो. काही माया अशी असते की तिला मोजले तर ती वाट बदलते. रुसलेल्यांना, अपराधी वाटणाऱ्यांना, संकोची माणसांना कोणाच्या वहीत न सापडता दारावरून जाता आले पाहिजे. तेवढीही वाट बंद झाली तर त्यांच्याजवळ दुसरी कोणती उरते?

म्हणून मी यादी उघडून पाहणे सोडले आहे. छायाचित्रे लावणे मात्र सोडलेले नाही. फणस या वर्षीही धरला आहे. कालच त्याचे एक छायाचित्र लावले.