तांबड्या मातीतील चार गुंजा

पर्थ शहराच्या पूर्वेस डोंगरात मंडारिंगचे धरण आहे. तेथून एक पोलादी नळ निघतो आणि रस्त्याच्या सोबतीने, कोठे उघड्यावर तर कोठे जमिनीत बुडून, सुमारे ५६० किलोमीटर धावत कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणींपर्यंत जातो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सुवर्णभूमीकडे जाताना आम्हांस सोन्याआधी या नळाचे दर्शन झाले, आणि ते यथायोग्यच झाले. त्या प्रदेशात सोने मातीत सापडे, पाणी मात्र सापडत नसे.

सप्टेंबर १८९२ मध्ये आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड या दोघांस कूलगार्डी येथे सोने लागले. बेलीने नोंदणीसाठी नेलेले सोने ५५४ औंस भरले. आपल्या मापाने हे पावणेपंधराशे तोळे झाले! पुढच्याच वर्षी जूनमध्ये पॅडी हॅनन व त्याचे दोन आयरिश सोबती यांनी कालगुर्लीचे सोने उजेडात आणले. बातमी पसरताच माणसांचा लोंढा लोटला. खाऱ्या तळ्यांचे पाणी लाकडे जाळून उकळावयाचे, त्याची वाफ निववून पुन्हा पाणी करावयाचे आणि ते मापाने विकावयाचे, असा धंदा तेथे भरभराटला. विषमज्वराने किती तरुण गेले ते कूलगार्डीच्या दफनभूमीत फिरताना कळते. अखेर सी. वाय. ओकॉनर या अभियंत्याने समुद्रकाठच्या डोंगरातील पाणी आठ ठिकाणी पंपांनी उचलून वाळवंटात नेण्याची योजना आखली. वर्तमानपत्रांनी त्याची इतकी निर्भर्त्सना केली की मार्च १९०२ मध्ये त्याने आत्महत्या केली. जानेवारी १९०३ मध्ये पाणी कालगुर्लीस पोहोचले, आणि ते आजही त्याच मार्गाने येते. कालगुर्लीच्या हमरस्त्यावर हॅननचा पुतळा आहे. त्याच्या हातातील पखालीतून वाटसरूंस प्यावयास पाणी मिळते. ही कल्पना ज्याची असेल त्याचे आम्हांस कौतुक वाटले.

पाण्याचा नळ येण्यापूर्वी या प्रदेशाचा संसार उंटांच्या पाठीवर चालला. उंट आणि उंटवाले कराचीच्या बंदरातून जहाजाने आणले गेले. तेथे सर्वांस सरसकट ‘अफगाण’ म्हणत. प्रत्यक्षात त्यांत सिंध, बलुचिस्तान, पंजाब येथील माणसे पुष्कळ होती. मोटारी आल्यावर उंट मोकळे सोडून देण्यात आले. त्यांचे वंशज आज ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटांत रानटी होऊन हिंडतात.

आमचा योग आला तो २०२३ च्या जुलै महिन्यात. तेथे तेव्हा हिवाळा असतो. उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो आणि कोणी शहाणा माणूस त्या बाजूस फिरकत नाही. पर्थला आमची भाची असते. तिच्या यजमानांस व त्यांच्या शेजारच्या दोन कुटुंबांस सोने शोधण्याचा छंद आहे. दोन जीपगाड्या, तंबू, दोनशे लिटर पाणी, आम्ही आठ माणसे आणि रस्टी व बेला हे दोन कुत्रे, असा लवाजमा निघाला. ग्वाल्हेरची आम्ही उभयता त्यांत केवळ पाहुणे. “मामी, थंडी फार आहे हो, शाल असू द्या,” असे भाची निघताना म्हणाली तेव्हा वाळवंटात कसली थंडी असे आम्हांस वाटले. पहाटे पातेल्यातील पाण्यावर बर्फाची साय धरलेली पाहिली तेव्हा शालीचे मोल कळले.

कालगुर्लीच्या उत्तरेस १३० किलोमीटरांवर मेन्झीस हे गाव आहे. तेथून कच्च्या वाटेने आत शिरून आम्ही मुक्काम केला. जिकडे पाहावे तिकडे तांबडी माती, खुरटी मुल्गाची झाडे आणि पांढऱ्या गारेचे तुकडे. इथली जमीन जगातील अतिप्राचीन खडकांपैकी. त्यांत सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी सोने शिरले. खडक झिजून गेले, परंतु सोने वाहून नेण्यास नद्या नव्हत्या. म्हणून ते वरच्या मातीतच राहिले. जुने खाणकरी ते पाण्याविनाच निवडीत. एका थाळीतील माती उंचावरून दुसरीत ओतावयाची, वाऱ्याने धूळ उडून जाते, पाण्याच्या एकोणीसपट जड असलेले सोने खाली पडते. खळ्यावर धान्य उफणताना पाहिलेल्यास याचे नवल वाटणार नाही. लष्करच्या सराफ्यातील गटारांची माती धुणारे झारेकरी आम्ही लहानपणापासून पाहिले आहेत. हे त्यांचेच कोरडे भाऊबंद म्हणावयाचे.

आता हे काम यंत्राने होते. शोधणाऱ्याजवळ ‘मायनर्स राइट’ नावाचा सरकारी परवाना लागतो, आणि दुसऱ्याच्या खाणपट्ट्यात त्याच्या संमतीविना पाऊल टाकता येत नाही. लांब दांड्याच्या टोकाशी असलेली चकती जमिनीलगत हळूहळू फिरवावयाची. खाली धातू असला की कानात सूर उमटतो. सूर उमटतो खरा, परंतु खणल्यावर निघतो बुटाचा खिळा, नाही तर पत्र्याच्या डब्याचे झाकण. लोहयुक्त दगडही फसवतात. कुत्र्याच्या गळ्यातील कडीनेही यंत्र ओरडते, म्हणून दोघांच्या गळ्यात कापडी पट्टे बांधले होते. पहिल्या दिवशीची कमाई सतरा खिळे आणि एक बंदुकीची गोळी! दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारीणबाईंनी वीतभर खोल खणून मातीचे दोन भाग केले, ज्या भागात सूर होता त्याचे पुन्हा दोन, असे करत करत मुठीत मावेल एवढी माती उरली, आणि तीत पिवळा कण चमकला. खिशातल्या काट्यावर तो अर्ध्या ग्रॅमच्या आत भरला. म्हणजे चार गुंजा. आठ प्रौढ माणसे त्या चार गुंजांभोवती लहान मुलांसारखी नाचली हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

तिसऱ्या दिवशी मात्र सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले. या प्रदेशात कोल्हे व रानकुत्री मारण्यासाठी मांसात ‘१०८०’ नावाचे विष घालून ते तुकडे टाकतात. नैऋत्य ऑस्ट्रेलियातील काही झुडपांत हेच विष निसर्गतःच असते, त्यामुळे तेथील मूळच्या पुष्कळ प्राण्यांस ते बरेचसे पचते. कुत्रा मात्र हमखास दगावतो, आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही. म्हणून वाटावाटांवर सूचनाफलक असतात आणि शोधकरी आपल्या कुत्र्यांस, आपण मळणीच्या बैलांस घालतो तसे, मुसके घालतात. आमच्या दोघांसही घातले होते. परंतु कांगारूमागे धावताना रस्टीच्या मुसक्याचा पट्टा काटक्यांत अडकून तुटला. तो परत आला तो तोंड चाटीतच.

उपग्रहाच्या फोनवरून कालगुर्लीच्या पशुवैद्यांनी वांती करवून तत्काळ घेऊन येण्यास सांगितले. लक्षणे अर्ध्या तासात दिसतील किंवा कित्येक तासही घेतील. वांतीत हाडाचा तुकडा व वाळलेले कातडे निघाले. मांस दिसले नाही. एवढ्यावरून निश्चिती कशी व्हावी? दिवस मावळत होता, आणि त्या वेळी रस्त्यावर कांगारू आडवे येतात, म्हणून गाडी वेगाने हाकण्याचीही सोय नव्हती. शेजारीणबाई मागे बसून रस्टीच्या छातीवर हात ठेवून होत्या. तो जरा कुठे पाय झाडी की त्यांचा श्वास अडखळे. दीडशेहून अधिक किलोमीटरांच्या त्या प्रवासात कोणी एक शब्द बोलले नाही. दवाखान्यात त्यास रात्रभर नजरेखाली ठेवले. सकाळी सातास रस्टीने उठून शेपूट हलविली आणि वैद्यांच्या हातातील पाव खाल्ला. चार गुंजा सोने सदऱ्याच्या खिशात तसेच राहिले होते. त्याची आठवण कोणास दुसऱ्या दिवशी जेवताना झाली.

परतण्यापूर्वी केवळ आमच्या आग्रहास्तव मंडळी लिओनोराजवळच्या ग्वालिया गावी आली. नकाशात हे नाव पाहून आमचे ग्वाल्हेरी कान टवकारले होते. आपले नाव ग्वालिपा ऋषींवरून पडले अशी परंपरा; त्यांचे पडले वेल्स देशाच्या जुन्या नावावरून. संबंध काही नाही, तरी पाय तिकडे वळले. पुढे १९२९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झालेले हर्बर्ट हूव्हर १८९८ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, येथल्या खाणीचे व्यवस्थापक होते. १९६३ च्या डिसेंबरात खाण बंद पडली आणि काही आठवड्यांत गाव उठून गेले. पत्र्याची व तरटाची घरे तशीच जपून ठेवली आहेत. एका घरात चुलीवर किटली, भिंतीस चुना लावलेले तरट, खिडकीत अर्धा पडदा. खाण मात्र पुढे पुन्हा सुरू झाली, आणि आजही त्या ओस घरांच्या खाली, खोल जमिनीत, सोने काढणे चालूच आहे.

तो कण भाचीने औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी घालून स्वयंपाकघरातील फळीवर ठेवला आहे. मंडळींचा पुन्हा जाण्याचा बेत आहे, आणि दोन्ही कुत्र्यांसाठी दुहेरी पट्ट्यांची मुसकी आणली आहेत, असे तिने कळविले आहे.