शिकागोचा बेत

प्रवासाहून प्रवासाचा बेत अधिक सुखाचा, असें आमचें जुनें मत आहे. बेतांत गाडी चुकत नाहीं, गुडघे दुखत नाहींत, आणि खर्चही कागदावरच होतो. म्हणून येत्या आक्टोबरांत शिकागोस मुलीकडे जावयाचें ठरलें, तेव्हां आम्हीं तिकिटांच्याही आधीं चार कोरे ताव, एक तांबडी पेन्सिल आणि त्या शहराचा एक भला मोठा नकाशा पैदा केला.

तीस वर्षें इंग्रजी शिकविण्यांत गेल्यामुळें शिकागो आम्हांस अपरिचित नाहीं. निदान तसा आमचा समज होता. अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही १९०६ सालची कादंबरी आम्हीं इतक्यांदा शिकविली आहे कीं, तेथील कत्तलखान्यांच्या गल्ल्यांतून डोळे मिटून चालूं, असें वाटे. पहिल्या तावावर पहिलें नांव अर्थातच त्या गुरांच्या बाजाराचें पडलें. पुढें चौकशी करितां कळलें कीं, १८६५ सालीं उघडलेला तो बाजार १९७१ सालींच बंद झाला असून आतां तेथें चुनखडी दगडाची एक वेस तेवढी उभी आहे. बरें, गगनचुंबी इमारतींचा मूळपुरुष मानली जाणारी होम इन्शुअरन्सची दहामजली इमारत पाहूं म्हटलें, तर १८८५ सालीं उभारलेली ती इमारत १९३१ सालीं पाडलेली! त्यापूर्वी, १८७१ सालच्या आगींत तर शहराचा मध्यभागच जळून लाखभर माणसें उघड्यावर आलीं होतीं. ज्या गांवास आम्ही इतकीं वर्षें ओळखत होतों, तें गांव जागेवर नाहींच. नदीदेखील जुन्या वाटेनें वाहत नाहीं. शहराची घाण पिण्याच्या पाण्याच्या सरोवरांत जाऊं नये, म्हणून १९०० सालीं कालवा खणून तिचा ओघ उलट फिरविण्यांत आला. आमच्याकडे नदी उलटी वाहूं लागती तर लोकांनीं शांति केली असती!

दुसऱ्या तावाचा मान मिशिगन अव्हेन्यूवरील आर्ट इन्स्टिट्यूटला दिला. याच वास्तूंत १८९३ च्या सप्टेंबरांत सर्वधर्मपरिषद भरली, आणि समोरच्या रस्त्याच्या कांहीं भागास स्वामी विवेकानंदांचें नांव मानानें दिलेलें आहे. त्या परिषदेंत मुंबईचे बी. बी. नगरकर ब्राह्मसमाजातर्फे बोलले होते, याची मात्र आपल्याकडे फारशी कोणास आठवण नाहीं. गंमत अशी कीं, विवेकानंदांच्या प्रवासाचा बेत मुळीच जमलेला नव्हता. ते जुलैंतच जाऊन पोहोंचले, परिषद सप्टेंबरांत, जवळ अधिकारपत्र नाहीं, आणि शिकागोचा खर्च न झेपल्यामुळें मधले दिवस बोस्टनच्या बाजूस काढावे लागले. हा दाखला आम्हीं घरांत मोठ्या उत्साहानें सांगितला. "मग तुम्हीं एवढे ताव कशाला खराब केलेत?" असें सौभाग्यवतींनीं विचारिलें.

त्यांचा बेत निराळा. मेतकूट किती, गोडा मसाला किती, भाजणी हवाबंद डब्यांत कीं पिशवींत, यांतच त्यांचा महिना चालला होता. विलिस टॉवरच्या १०३ व्या मजल्यावर भिंतीबाहेर काढलेल्या कांचेच्या चौकटींत उभें राहतां येतें, हें आम्हीं वाचून दाखविलें. "इतक्या उंचावरून माझ्या मुलीचें घर दिसेल का?" एवढेंच त्या म्हणाल्या. प्रश्न आम्हांस बालिश वाटला, म्हणून आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

चारी ताव भरल्यावर त्यांचीं छायाचित्रें मुलीस धाडलीं. ती तेथें इस्पितळांत परिचारिका आहे. सहा वर्षांत दोनदां घरीं आली, आम्ही एकदांही गेलों नाहीं. रात्रपाळी संपवून तिनें उत्तर पाठविलें: "बाबा, कार्यक्रम फार सुरेख झाला आहे. तुम्ही याल त्या आठवड्यांत मला फक्त रविवारची सुटी आहे. त्या दिवशीं तुम्ही कुठें असाल?"

आम्हीं ताव पाहिला. रविवार, सकाळ: कत्तलखान्याची वेस. दुपार: चित्रें. सायंकाळ: टॉवर.

त्या निरोपांत रागाचा एक शब्द नव्हता. असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. रागावलेल्या विद्यार्थ्यांशीं कसें बोलावें, तें आम्हांस ठाऊक आहे.

रात्रीं नकाशा पुन्हां पसरला. शिकागोंत घरांचे क्रमांक स्टेट व मॅडिसन या रस्त्यांच्या चौकापासून मोजतात आणि एका मैलास आठशें धरतात; तेव्हां क्रमांकावरून अंतर काढणें अगदीं सोपें. मुलीच्या घराचा क्रमांक आमच्या वहींत सहा वर्षें लिहिलेला होता. उत्तरेस चौसष्टशें म्हणजे डेव्हन अव्हेन्यू, आपल्या लोकांच्या दुकानांचा रस्ता; घर त्याच्या किंचित् पलीकडे. सौभाग्यवती भाजणीचा डबा बाजूस ठेवून जवळ आल्या व म्हणाल्या, "दाखवा बघूं, कुठें तें?"

आम्ही बोट वर वर नेऊं लागलों. नकाशा मेजावर मावेना म्हणून त्याच्या वरच्या भागाची आम्हीं पहिल्याच दिवशीं मागें घडी घातली होती. ती उलगडावी लागली.

"मधल्या चौकापासून आठ मैलांहून थोडें अधिक," आम्ही म्हणालों.

त्यांनीं तांबडी पेन्सिल मागितली.